आधी पडदा, मग रंगमंच : दुर्गा खोटे यांची वाटचाल

हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाजवळ पाली येते. तिथल्या सप्ताहात कीर्तनकाराने नुसतं डोंबाघरच्या राजाचं नाव घेतलं, तरी पुढचं आख्यान मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांना पाठ असतं. सत्त्वासाठी राज्य गेलं, काशीच्या बाजारात राणी विकली गेली, पोरगा गेला. या तारामतीच्या भूमिकेचा भारतीय चित्रपटातला इतिहास पाहिला, तर अवघ्या १९ वर्षांत फार मोठं अंतर कापलं गेलेलं दिसतं.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यात तारामती होते अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारा एक तरुण. फाळक्यांनी बाईचा खूप शोध घेतला होता, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला कोणी तयार होईना. मग सडपातळ हातांचा हा मुलगा त्यांनी निवडला आणि त्याला साडी नेसवली. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने त्याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ काढला. हा मराठीतला पहिला बोलपट. त्यातली तारामती होती मुंबईच्या एका सुखवस्तू घरातली, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई असलेली बाई. तिचं नाव दुर्गा खोटे.

दुर्गाबाईंचं नाव निघालं की बहुतेकांना ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते, किंवा सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांतली प्रेमळ आई आणि आजी. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. जगभर नटीची वाट साधारणपणे रंगमंचावरून पडद्याकडे जाते. दुर्गाबाई आधी पडद्यावर आल्या, तिथे नाव मिळवलं आणि मग मराठी रंगभूमीवर उभ्या राहिल्या. ही वाट अशी उलटी का झाली, हे समजून घ्यायचं तर आधी आपल्या रंगभूमीकडे पाहावं लागेल.

मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ने झाली असं मानतात. त्यानंतर साठ-सत्तर वर्षं नामांकित नाटक मंडळ्यांमध्ये सीता, शकुंतला, रुक्मिणी, भामिनी या सगळ्या पुरुषांनीच केल्या. बालगंधर्वांनी ही परंपरा शिखरावर नेली. त्यांचा शालू, त्यांची पदर घेण्याची ढब, त्यांचे दागिने पाहून घरंदाज बायका आपला पेहराव ठरवत. नाटकातली स्त्री कशी दिसावी हे इतक्या सुरेख रीतीने एका पुरुषाने ठरवून दिल्यावर खऱ्या बाईची उणीव प्रेक्षकाला भासेनाशी झाली होती. प्राचीन ग्रीसमध्येही असंच होतं. एस्किलसची क्लायटेमनेस्ट्रा असो की युरिपिडीसची मीडिया, त्या थोर स्त्रीभूमिका मुखवटे घातलेले पुरुषच वठवत. स्त्रीच्या दुःखावर, संतापावर, सूडावर उत्तम नाटकं लिहिली जायची आणि ती करायला बाई मात्र नसायची.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात बाई लोकांसमोर उभी राहतच नव्हती, असं मुळीच नाही. तमाशाच्या फडावर बायका नाचत, गात, सोंगाड्याला तोडीस तोड उत्तर देत. कलावंत घराण्यांतल्या गायिका मैफली गाजवत. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, तेही १९१३ सालीच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. या सगळ्या बायकांनी समाजाचे टोमणे सोसले, त्यांच्यावर बहिष्काराची वेळ आली आणि त्यांची पुरेशी नोंदही कोणी ठेवली नाही. तेव्हा ‘पहिली’ हा मान दुर्गा खोट्यांना देऊन मोकळं होणं या बायकांवर अन्याय करणारं ठरेल. दुर्गाबाईंमुळे बदललं ते असं की सुशिक्षित, उच्चभ्रू समजल्या जाणाऱ्या घरांना आता आपली लेक या धंद्यात पडणार नाही असं ठामपणे म्हणता येईना. ज्या दारावर ‘घरंदाजपणा’ची पाटी होती, ते त्यांनी आतून उघडलं.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरच्या त्या लाड. कुळाची मुळं गोव्यात, वाढ मुंबईच्या गिरगावात, मोठ्या एकत्र कुटुंबात. इंग्रजी शाळा, मग कॉलेज. शिक्षण पुरं होण्याआधीच लग्न झालं आणि त्या श्रीमंत खोटे घराण्यात आल्या. नवरा विश्वनाथ खोटे इंजिनिअर. बकुळ आणि हरिन हे दोन मुलगे झाले. पण सासरची लक्ष्मी टिकली नाही आणि ऐन तरुण वयात वैधव्यही आलं. मुलांना कोणाच्या आश्रयावर वाढवायचं नाही, स्वतः कमवायचं, हा निश्चय त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्यात दिसतो. चित्रपटात त्या हौसेने आल्या नाहीत. पैशाची गरज होती आणि त्या काळात अशा घरातल्या बाईला कमाईचे मार्ग फार थोडे होते.

पहिला अनुभव कडू निघाला. १९३१ साली मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांना छोटं काम मिळालं. चित्रपट पडला. त्याहून वाईट म्हणजे तो पाहून लोकांनी नाकं मुरडली. चांगल्या घरातली बाई आणि असल्या सिनेमात, अशी बोलणी घरच्यांना ऐकावी लागली. तिथेच त्यांची कारकीर्द संपली असती तर आश्चर्य वाटलं नसतं. पण व्ही. शांताराम ‘अयोध्येचा राजा’साठी तारामती शोधत होते आणि त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं. पुन्हा एकदा हा धोका पत्करायला मोठं धैर्य लागलं असणार.

बोलपटाला नेमकी अशीच बाई का हवी होती? मूकपटात दिसणं पुरे होतं. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला, तसा सगळा हिशेब बदलला. आता उच्चार स्वच्छ हवे, लांब वाक्यं पाठ हवीत, गळा हवा. पार्श्वगायन अजून रुळलं नव्हतं. नट स्वतः गात, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत आणि दृश्याबरोबरच आवाज मुद्रित होई. कुठे तबल्याचा ठेका चुकला, कोणी खोकलं, की सगळं पहिल्यापासून. शिवाय ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला, म्हणजे एकच प्रसंग दोनदा, दोन भाषांतून, त्याच भावनेने उभा करायचा. ज्या बाईला वाचन आहे, भाषा येतात आणि शिस्तीची सवय आहे, तिला इथे जागा होती.

या चित्रपटाचा हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. हेच टेंबे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक भागीदार होते. साडीतल्या पुरुषांबरोबर रंगभूमीची कित्येक वर्षं घालवलेला हा कलावंत आता खऱ्याखुऱ्या तारामतीसमोर उभा होता. आणखी तीन वर्षांनी, १९३५ मध्ये, खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये आले. तिथे त्यांनी पैठणच्या संत एकनाथांची भूमिका केली. रंगमंचावर ज्यांच्या स्त्रीरूपाने दोन पिढ्यांना वेड लावलं, त्यांना पडद्यावर पुरुष व्हावं लागलं. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ जातो आणि वीस हात लांबून पटलेलं रूप तिथे टिकत नाही. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची, म्हणजे स्त्रीपार्टीची, परंपरा कोणी बंदी घालून संपवली नाही. पडद्याने प्रेक्षकाच्या डोळ्याला दुसरी सवय लावली.

‘अयोध्येचा राजा’ची प्रत आजही पाहता येते, आणि दुर्गाबाईंचं काम ९० वर्षांनीसुद्धा ताजं वाटतं. आजूबाजूचे काही नट नाटकी हातवारे करतात, शब्द फेकतात. तारामती मात्र मान ताठ ठेवून चालते. दासी म्हणून विकली गेली तरी तिच्या उभं राहण्यातली राणी जात नाही. पडद्यावर कमी करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं असेल की आपोआप उमगलं असेल, पण पहिल्याच मोठ्या भूमिकेत ते त्यांच्यापाशी होतं.

प्रभातने त्यांना लगेच दुसऱ्या टोकाची भूमिका दिली. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या, शेजारी पाळीव चित्ता घेऊन बसणाऱ्या. १९३६ च्या ‘अमरज्योती’मध्ये तर सौदामिनी, समुद्रावर लूटमार करणाऱ्या टोळीची नायिका. कथेतल्या राज्यात बाईला स्वतःच्या मुलावरही हक्क नाही, हे कळल्यावर ती बंड करून उठते. बायकांना गुलाम ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध शस्त्र उचलणारी स्त्री १९३६ साली मुख्य भूमिकेत असणं ही मोठीच गोष्ट होती, आणि ती करणारी नटी स्वतः मुलांसाठी घराबाहेर पडलेली होती. मला विचाराल तर दुर्गाबाईंची पडद्यावरची सर्वांत महत्त्वाची भूमिका हीच. जोधाबाईची कीर्ती मोठी, पण सौदामिनीतली आग तिथे नाही.

कलकत्त्याला जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ हे चित्रपट केले. ‘सीता’ १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात राम होते तरुण पृथ्वीराज कपूर. त्या काळात नट एकाच कंपनीचे पगारी नोकर असत, महिन्याच्या महिन्याला पगार आणि मालक सांगेल ते काम. दुर्गाबाईंनी ही चाकोरी मानली नाही. प्रभात, कलकत्त्याच्या कंपन्या, मुंबईच्या कंपन्या, जिथे भूमिका पटेल तिथे त्या गेल्या. १९३७ मध्ये ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीत उतरून त्यांनी व्यवहाराची सूत्रंही हातात घेतली. बाई निर्माती ही तेव्हा जवळजवळ अपूर्व गोष्ट होती.

चाळिशीच्या आसपास नटीला हाका येणं कमी होतं, असा समज आजही आहे. दुर्गाबाईंनी तिशीतच वयस्क भूमिका मनापासून स्वीकारल्या आणि त्यांना वजन दिलं. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मधली सासू (१९४१), विजय भट्ट यांच्या ‘भरतभेट’मधली कैकेयी (१९४२), सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मधली मृणालवती (१९४३). यातली एकही साधीभोळी नायिका नाही. सत्ता गाजवणारी, हट्टाला पेटलेली, कधी चुकणारी, पण दुबळी नव्हे अशी बाई त्यांना फार चांगली जमत असे. ‘पायाची दासी’ आणि ‘भरतभेट’ या दोन्ही चित्रपटांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना गौरवलं.

आणि मग त्या नाटकाकडे वळल्या. नाव झालेलं, पैसा येत असलेला, पडद्यावर मागणी असलेली. अशा वेळी तालमी, अपुरी साधनं आणि तुटपुंजं मानधन असलेल्या रंगभूमीवर कशाला जायचं? बोलपटाने मराठी नाटकाचं कंबरडं मोडलं होतं. मोठमोठ्या मंडळ्या बुडाल्या, थिएटरांची चित्रपटगृहं झाली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नव्या वळणाचं नाटक केलं आणि त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या स्त्रियांनी कामं केली, पण संस्था फार काळ टिकली नाही. १९४३ ला मराठी रंगभूमीची शंभर वर्षं भरली, तेव्हा उत्सव करावा की दुखवटा पाळावा अशी अवस्था होती. त्या काळात मुंबई मराठी साहित्य संघाने, आणि त्यातही डॉ. अ. ना. भालेराव यांनी, नाट्यमहोत्सवांचा धडाका लावला. जुनी गाजलेली नाटकं नव्या संचात उभी राहिली आणि नवीन नाटकं लिहून घेतली गेली. दुर्गाबाई या चळवळीत मनापासून उतरल्या. इप्टा या जननाट्य चळवळीशीही त्यांचा जवळचा संबंध होता.

कृ. प्र. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ सालचं. नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादांचा मोह, आनंदीबाईंचं कारस्थान आणि रामशास्त्र्यांचा निवाडा असा त्याचा पट. नाटक लिहिलं गेलं तेव्हा आनंदीबाई पुरुषच करणार हे गृहीत होतं. साहित्य संघाच्या प्रयोगांत ही भूमिका दुर्गाबाईंकडे आली, आणि समोर राघोबा होते नानासाहेब फाटक, पहाडी आवाजाचे, जुन्या रंगभूमीच्या तालमीत तयार झालेले नट. त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा, आणि चुकलं तर दुसऱ्यांदा घ्यायची सोय नाही. चित्रपटात अनेक वर्षं काढलेल्या नटीला ही परीक्षा सोपी नसते. कॅमेऱ्यापुढे पापणी हलली तरी पुरतं. रंगमंचावर तोच विचार खांद्यातून, चालण्यातून, वाक्याच्या चढउतारातून सांगावा लागतो. दुर्गाबाईंना साथ दिली ती त्यांच्या ताठ, भारदस्त देहबोलीने आणि स्पष्ट शब्दोच्चारांनी.

वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं. संघाने ते इंग्लंडहून आलेल्या हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली केलं आणि पुन्हा हीच जोडी उभी राहिली, नानासाहेब आणि दुर्गाबाई. शिरवाडकरांच्याच ‘कौंतेय’मध्येही त्यांनी काम केलं. ‘वैजयंती’, ‘शोभेचा पंखा’, ‘खडाष्टक’ ही त्यांची आणखी काही नाटकं. ‘खडाष्टक’ तर विनोदी, म्हणजे एकाच साच्यात राहायचा मोह त्यांना नव्हता. कैकेयी, आनंदीबाई आणि मॅकबेथची राणी या तिघी ओळीने ठेवून पाहिल्या की त्यांच्या अभिनयाचा कणा दिसतो. तिघीही नवऱ्याला सिंहासनाच्या प्रश्नावर पेचात धरणाऱ्या आहेत आणि तिघींनाही लोकांनी शिव्याशाप दिले आहेत. त्यांना नुसतं दुष्ट करून टाकणं सोपं होतं. त्यांची महत्त्वाकांक्षा बुद्धीतून येते, हे दाखवायला समज असलेली नटी लागते. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला, तो अभिनयासाठी.

याच काळातल्या एका ग्रीक नटीशी त्यांची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. कातिना पाक्सिनू ही दुर्गाबाईंहून चार-पाच वर्षांनी मोठी, पिरियस बंदरातल्या सधन घरात जन्मलेली. तीही नाटकाच्या परंपरेतली नव्हे, तिने शिक्षण घेतलं ऑपेराच्या गाण्याचं. मग ती रंगभूमीवर आली, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीसच्या नव्या राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाली आणि प्राचीन शोकांतिकांतल्या भूमिकांनी गाजली. दुसऱ्या महायुद्धाने तिला मायदेशाबाहेर अडकवलं, ती अमेरिकेला पोचली आणि १९४३ च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’मधल्या पिलार या बंडखोर बाईच्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. युद्धानंतर ती परत गेली. १९५५ मध्ये एपिदॉरसच्या प्राचीन खुल्या रंगमंचावर तिने युरिपिडीसची हेकुबा केली. जिथे हजारो वर्षांपूर्वी मुखवट्याआडून पुरुष ही दुःखं बोलत, तिथे आता बाईचा आवाज घुमला.

तिची वाट रंगमंचावरून पडद्याकडे आणि पुन्हा रंगमंचाकडे गेली. तिच्यामागे सरकारी राष्ट्रीय नाट्यगृह होतं. आपल्याकडे तसं काही नव्हतं. दुर्गाबाईंना नाटकाने घडवलं नाही, कारण त्यांच्या तरुणपणी त्या वर्गातल्या बाईला नाटकात शिरकावच नव्हता. त्यांना घडवलं चित्रपटाने, आणि तिथे मिळालेली प्रतिष्ठा त्यांनी पडत्या काळातल्या नाटकाला दिली. चित्रपटाने नाटक मारलं ही तक्रार आपण नेहमी करतो. ती खरीही आहे. पण रंगमंचावर बाईला मानाने उभं करण्यात बोलपटाचा वाटा मोठा होता, हेही तितकंच खरं.

हे सगळं मुंबई, पुणे, कोल्हापूरचं झालं. त्या वेळी बीड जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला. संघाची नाटकं पालीपर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. मराठवाड्याच्या खेड्यांतला प्रेक्षक भारूड, कीर्तन, तमाशा आणि कलापथकावर वाढला. पुढे चित्रपट आला तो जत्रेतल्या तंबूतून. कापडी पडदा, जनरेटरची घरघर, एकीकडे बायका आणि दुसरीकडे पुरुष. तंबूत पौराणिक चित्रपट नेहमी चालायचे, कारण कथा ओळखीची असे आणि घरातल्या म्हातारीला सोबत नेता येई. ज्या गावात नाटक मंडळी कधी आली नाही, तिथे पडद्यावरून सीता, कैकेयी, तारामती आल्या, आणि त्या बायकाच करत होत्या. खेड्यातल्या प्रेक्षकाने स्त्रीपार्टी आणि नटी यांतला वाद कधी घातलाच नाही. तो निकाल पडद्याने आधीच लावला होता.

स्वातंत्र्यानंतरचा दुर्गाबाईंचा हिंदी चित्रपटातला प्रवास सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो थोडक्यात. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये बादशहा नवरा आणि बंडखोर मुलगा यांच्यामध्ये चिरडली जाणारी जोधाबाई. समोर अकबर होते पृथ्वीराज कपूर, म्हणजे ‘सीता’मधले राम, २६ वर्षांनंतर. १९६३ मध्ये जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’मध्ये शशी कपूरची आई. ‘बॉबी’मधली मिसेस ब्रॅगान्झा (१९७३) ही गोव्याकडची ख्रिस्ती बाई, आणि १९७४ च्या ‘बिदाई’साठी फिल्मफेअर पुरस्कार. याच वर्षांत त्यांनी स्वतःच्या संस्थेतून लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपटही काढले. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. कुंदन शहा दिग्दर्शक, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे वागले दांपत्य. तोवर खेड्यापाड्यांत दूरदर्शन संच आले होते आणि एका संचासमोर अर्धी गल्ली बसायची. त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल की ही मालिका करणारी संस्था पहिल्या मराठी बोलपटातल्या तारामतीची आहे.

त्यांच्या घरातून पुढे रंगभूमीला आणि पडद्याला बरंच मिळालं. दीर नंदू खोटे नट, त्यांची मुलं म्हणजे शुभा खोटे आणि ‘शोले’तला कालिया करणारे विजू खोटे. दुर्गाबाईंचे धाकटे पुत्र हरिन यांच्याशी विजया जयवंत यांचं लग्न झालं. हरिन तरुणपणीच गेले. या विजयाबाई म्हणजेच विजया मेहता. १९६० मध्ये त्यांनी तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्याबरोबर ‘रंगायन’ सुरू केलं आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीची दिशाच बदलली. सासूने रंगमंचावर बाईची जागा पक्की केली, सुनेने दिग्दर्शकाची खुर्ची घेतली. अर्थात विजयाबाईंचं कर्तृत्व त्यांचं स्वतःचं आहे.

दुर्गाबाईंना १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. त्यांची पहिली मोठी भूमिका फाळक्यांच्याच कथेतली होती, म्हणून तो त्यांना विशेष शोभला. उतारवयात त्या अलिबागला राहिल्या आणि ‘मी दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र लिहिलं. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. भारतीय चित्रपटाच्या शताब्दी वर्षात, २०१३ मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्यांचं नाटकातलं काम आता आठवणींतून आणि छायाचित्रांतूनच कळतं. प्रयोग संपला की नाटक संपतं, त्याला इलाज नाही. पडद्यावरचं मात्र पाहता येईल. ज्यांनी दुर्गाबाईंना फक्त आजीच्या भूमिकेत पाहिलं आहे त्यांनी आधी ‘अयोध्येचा राजा’ पाहावा, लगेच ‘अमरज्योती’, आणि ‘मुघल-ए-आझम’ त्यानंतर. या क्रमाने पाहिलं तर जोधाबाईने अकबराकडे टाकलेल्या नजरेत सौदामिनी ओळखू येते. आणि एखाद्या शाळेत, पालीत असो की बीडला, स्नेहसंमेलनात ‘राजमुकुट’ किंवा ‘भाऊबंदकी’तला एखादा प्रवेश बसवायचा झाला, तर राणीसाठी किंवा आनंदीबाईसाठी वर्गातली सर्वांत ठाम बोलणारी मुलगी निवडावी.